वस्तीची गाडी : एका गुप्तहेरी भागाच्या नोंदी

16 जून 2024

मृग लागला आणि दशावतारी (कोकणातल्या लोकनाट्यातली) मंडळी पेटारे माळ्यावर टाकून घरी आली. आता दिवाळीपर्यंत राजे, राण्या, राक्षस सगळे चिखलात, लावणीला. दर पावसाळ्यात यांच्यातले चारपाच जण संध्याकाळी माझ्या स्टुडिओत येऊन बसतात, चहा पितात आणि टीव्हीवर जे चालू असेल त्याला नावं ठेवतात. काल मात्र नावं ठेवता ठेवता कुणीतरी म्हणालं, मग आपणच एक करूया.

ठरलं ते असं. गणपतीत वाडीला दाखवायला वीस-बावीस मिनिटांचा एक भाग. काळापांढरा. साल 1978. कोकणातला खाजगी गुप्तहेर. यात 'कोकणातला' आणि 'गुप्तहेर' हे दोन शब्द शेजारी बसवताना सगळे हसले, मीही हसलो. पण मला हे गेली तीस वर्षं करायचं आहे.

माणसं: मी (वेंगुर्ल्यातला फोटो स्टुडिओ, वडिलांपासूनचा), भाचा (मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन), तात्या (दशावतारात पायपेटी), त्यांचा मृदंगवाला, एक राजपार्टी (राजाची कामं करणारा नट), एक स्त्रीपार्टी (बायकांची कामं करणारा पुरुष नट), बंदर रोडला खानावळ चालवणारी आक्का, आणि माझी बायको. तिने सांगून ठेवलंय की ती फक्त चुका काढणार.

पैसे: जमले तेवढे. आज जमले 3,200.

20 जून

अभ्यास म्हणून 'पीटर गन'चे तीन भाग पाहिले. अमेरिकेतली मालिका, 1958 ते 1961, एकूण 114 भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. ब्लेक एडवर्ड्सने घडवलेली. क्रेग स्टीव्हन्स नावाचा नट, कडक इस्त्रीचा सूट, भांग जागच्या जागी, आणि आवाज एवढा हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. अड्डा कुठे, तर धक्क्यावरच्या 'मदर्स' नावाच्या क्लबात. मालकीणबाईलाच सगळे मदर म्हणतात. इथे मी भाच्याला कोपराने ढोसलं: धक्का, खाणंपिणं, सगळ्यांची आई असलेली मालकीण. म्हणजे आपली आक्काच की.

तीन भागांतली रहस्यं आज सकाळी आठवून पाहिली. एकही धड आठवेना. कुणी कुणाला मारलं, का मारलं, धूसर. पण जिन्यावर पडलेली कठड्याची सावली आठवते. दार उघडण्याआधी क्षणभर थांबलेला हात आठवतो. लहानपणी दूरदर्शनवरचा गुप्तहेर 'करमचंद' पाहिला 1985 साली, माडाला अँटेना बांधून, अर्धा वेळ मुंग्या. त्यातलाही एक गुन्हा मला आज सांगता येणार नाही. गाजर मात्र विसरलो नाही, काळा चष्मा नाही आणि त्याच्या सहायक किटीला पडणारं 'शट अप' नाही.

म्हणजे रहस्यासाठी आपण बसतो आणि परत येतो ते दुसऱ्याच कशासाठी. ते 'दुसरं' काय, ते पकडायचं.

24 जून

पहिलीच अडचण, आणि मोठी.

या सगळ्या मालिकांतला गुप्तहेर हा शहरातला माणूस. तो कुठल्याही दाराशी जाऊ शकतो कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. आपल्याकडे वाडीत अनोळखी माणूस शिरला की पहिल्या घरात 'खंयचो तू?', दुसऱ्या घरात 'कोणाकडे इलंस?' आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत त्याच्या आजोळची माहिती त्याच्या आधी पोचलेली. नाव ठेवायला बसलो तर तेही जमेना. आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की भावकी कळते, भावकी कळली की तो कुणाच्या बाजूने बोलणार तेही कळतं. मग कसला गुप्त आणि कसला हेर.

तात्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "ठावक आसता सगळ्यांका. पण सांगतलो कोण?"

हे वाक्य मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. शहरातला गुप्तहेर कुणालाच माहीत नसलेलं शोधून काढतो. आमच्याकडच्याला तसलं काही शोधायचंच नाही. सगळ्यांना माहीत असलेलं एकाच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे. कामच वेगळं, तर ऐटही वेगळी लागेल.

26 जून

वाडीत परक्या माणसाला सहज प्रवेश कुणाला? बदलीवर आलेला मास्तर, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, तलाठी. बायको म्हणाली, एक राहिला. बेलीफ.

बरोबर! कोर्टाचं समन्स घेऊन दारोदार फिरणारा. कोकणात खून किती होतात माहीत नाही, पण दावे घराघरात. बांध, पाणंद, सामायिक फणस, आजोबांच्या वेळची वाट. बेलीफ सगळ्यांच्या पडवीत बसलेला असतो आणि कुणाच्याच नात्यात नसतो. आमचा नायक म्हणजे नोकरी सोडलेला बेलीफ. त्याला नावच द्यायचं नाही. सगळे 'बेलीफ'च म्हणणार.

'मॅनिक्स' या अमेरिकेतल्या गुप्तहेर मालिकेतही पहिल्या वर्षी (1967) नायक संगणकांनी भरलेल्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला होता, आणि रोज वरिष्ठांशी वाद. दुसऱ्या वर्षी ती कंपनी काढून टाकली, त्याला स्वतःचं ऑफिस दिलं, आणि मालिका 1975 पर्यंत चालली. पगारावरचा गुप्तहेर लोकांना नको असतो बहुतेक. पेन्शन असलेला तर नकोच.

2 जुलै

कपडे. राजपार्टींना लांब कोट हवाच होता. त्यांनी कुठूनतरी एक लोकरी कोट मिळवला. जुलै महिना, हवेत एवढं पाणी की मीठ बरणीतच ओलं, आणि हे गळ्यापर्यंत बटणं लावून खुर्चीत. दहा मिनिटांत कपाळावरून धारा. स्त्रीपार्टी म्हणाले, "कोट घालून मरतलास, मगे कोणी मारलो त्येचो शोध घेवक व्हयो."

कोट रद्द. मग 'ब्योमकेश बक्षी' पुन्हा पाहिली. 1993 ची, बासू चॅटर्जींची, दूरदर्शनवरची. 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली तेव्हा घरातली नवी पिढीही बसली होती. रजित कपूरचा ब्योमकेश धोतरात असतो. पिस्तूल रोखत नाही, गाडी उडवत नाही. स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेणं त्याला आवडत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. तरी तो खोलीत आला की खोली त्याची होते. कारण? मी पाच-सहा प्रवेश थांबवून थांबवून पाहिले. तो घाई करत नाही, एवढंच सापडलं. बाकीच्यांना काहीतरी लपवायचंय म्हणून ते हलतात. हा स्थिर.

डेव्हिड सुशे या नटाने अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो टीव्हीवर 1989 ते 2013 अशी तब्बल 24 वर्षं केला, 70 भाग. सुरुवातीला मूळ कथा वाचून त्याने प्वारोच्या सवयींची 93 टिपणं काढली होती: चहात साखर किती, रुमाल कसा. आम्ही बेलीफची टिपणं काढायला बसलो. अकरापर्यंत पोचलो, मग वीज गेली.

त्या अकरांपैकी टिकतील अशा:
धोतर, पांढरा शर्ट, वर काळं जुनं जाकीट. छत्री लाकडी मुठीची, पाऊस नसतानाही. पायात टायरच्या चपला. चिखलातून आला तरी धोतराला डाग नाही (हे कसं, ते प्रेक्षकांना सांगायचं नाही. आम्हालाही माहीत नाही).
आणि अडकित्ता.

अडकित्ता बायकोने सुचवला आणि तिथे सगळं एकदम जागेवर बसलं. '77 सनसेट स्ट्रिप' या अमेरिकेतल्या गुप्तहेर मालिकेत गाड्या लावणारा पोरगा सतत कंगवा फिरवायचा, तर 1959 साली अमेरिकेत त्या कंगव्यावर गाणं आलं आणि गाजलं. करमचंदचं गाजर. आमचा बेलीफ सुपारी कातरतो. समोरचा बोलत असतो, हा बारीक, पातळ, एकसारखी कातरत बसतो. समोरचा खोटं बोलला की अडकित्ता थांबतो. बस्स.

7 जुलै

उजेडाची चाचणी. आज फार दिवसांनी वडिलांची आठवण आली. त्यांच्या हातात दोन दिवे आणि एक पांढरी चादर असली की गावातला कुठलाही माणूस नाटकातल्या नायकासारखा दिसायचा. नाकाची सावली कुठे पडावी यावरून ते मला ओरडायचे.

या जुन्या मालिकांची अर्धी ऐट गरिबीतून आली आहे, असं माझं मत होत चाललंय. अर्ध्या तासाचा भाग, दर आठवड्याला एक, सेट तेच तेच. खोलीचा कोपराच बांधलेला असेल तर उरलेला भाग अंधारात टाकायचा. अंधाराला खर्च नाही. प्रेक्षकाला वाटतं, केवढं गूढ! आणि मुळात तिकडे भिंतच नसते.

दशावतारात तरी वेगळं काय करतात? एक बाकडं. मागे एखादा पडदा, तोही कधी नाही. तेच बाकडं सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. तरी राजा आला की पहाटे चार वाजता झोपेला आलेली जत्रा सावरून बसते. मी हे बोललो तर राजपार्टींनी पहिल्यांदा या प्रकल्पाकडे गंभीरपणे पाहिलं.

खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून पडणारी ती सुप्रसिद्ध सावली हवी होती. तसला पडदा आमच्याकडे कुणाच्या घरी असणार? भाच्याने मागच्या अंगणातून माडाचं विणलेलं झाप आणलं, दिव्यासमोर धरलं. भिंतीवर तिरक्या, तुटक, जिवंत पट्ट्या. वाऱ्याने झाप हललं की पट्ट्याही श्वास घेतल्यासारख्या. सगळे गप्प झाले. तात्यांनी विडी विझवली.

दुसरी गंमत तांबड्या मातीची. सरळ काळंपांढरं केलं तर माती आणि झाडी दोन्ही सारखीच करडी, चित्र मळकं. वडील तांबडी काच लावायचे ते आठवलं. भाच्याला म्हटलं, काळंपांढरं करताना तांबडा रंग वर उचल. त्याने पट्टी सरकवली आणि दोन्ही बाजूंची झाडी काळीकुट्ट, मधली जांभ्याची वाट चांदीसारखी उजळ. हॉलीवूडवाले रस्ता चकाकावा म्हणून रात्री पाणी मारायचे. आमच्याकडे पाणी मारायची सोय वरून आहे.

11 जुलै

संगीत. ही नोंद लांबणार.

तात्यांना 'पीटर गन'चं शीर्षकसंगीत ऐकवलं. हेन्री मॅन्सिनीचं. खाली गिटार आणि पियानो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतात, तीच, तीच, ती बदलतच नाही. वर पितळी वाद्यं ओरडतात. (तो पियानो वाजवणारा तरुण म्हणजे जॉन विल्यम्स, पुढे 'स्टार वॉर्स'वाला.) या मालिकेच्या संगीताच्या तबकडीला 1959 साली पहिल्याच ग्रॅमी समारंभात वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून बक्षीस मिळालं. मालिका विसरलेल्या माणसालाही ही धून ओळखू येते.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "हो एकाच सुराक धरून बसलो मरे!"

मला वाटलं, नापसंत. तसं नव्हतं. ते म्हणाले, राक्षसाच्या प्रवेशाला आम्हीही हेच करतो. पेटीवर एकच चाल धरून ठेवायची, वर झांज चढत जाते. खालचं बदलत नाही म्हणून माणसाला वाटतं आता काहीतरी होणार. बदललं की भीती संपली. एवढं सांगून त्यांनी पायपेटीवर खालच्या सप्तकात ती ओळ धरली. पाय भात्यावर, बोटं तीनच पट्ट्यांवर. जाझचा मागमूस नाही, पण मानेवरचे केस उभे राहिले.

मग 'मॅनिक्स'ची धून लावली, लालो शिफ्रिनची. मृदंगवाल्याने तिसऱ्याच आवर्तनाला मांडीवर ताल धरला आणि खूश होऊन ओरडला, "दादरो मरे ह्यो!" खरंच की. मारामाऱ्यांची मालिका, आणि धून तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर. गाड्या उलटतायत, गोळ्या सुटतायत आणि संगीत गिरक्या घेतंय. यातून जी बेफिकिरी येते ती सरळ चौघड्यासारख्या तालातून आली नसती. संगीत प्रसंगाला घाबरत नाही, त्यामुळे नायकही घाबरत नाही असं आपल्याला वाटतं.

आमचं ठरलं: खाली तात्यांची धरलेली चाल, मध्ये मृदंगाऐवजी फक्त अडकित्त्याचा आवाज. कट. कट. आणि वर काही नाही. तात्यांना वर सनई हवी होती. झाली वादावादी. सनई नाही.

15 जुलै

पाऊस. वीज नाही. काम शून्य.

19 जुलै

'द रॉकफर्ड फाइल्स' (अमेरिकेतलीच गुप्तहेर मालिका, 1974 ते 1980). आतापर्यंतच्यांत मला सर्वांत आवडलेली, आणि तिच्यात ऐट सर्वांत कमी, म्हणजे निदान वरवर. जेम्स गार्नरचा रॉकफर्ड समुद्रकिनाऱ्यावर एका जुनाट ट्रेलरमध्ये राहतो. मार खातो, पैसे बुडतात. दर 200 डॉलर रोज, शिवाय खर्च, आणि तो दर सांगताना त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं की मिळणार नाहीत. प्रत्येक भागाची सुरुवात त्याच्या फोनवर कुणीतरी ठेवलेल्या निरोपाने: कुणाचं बिल थकलंय, कुणाची दुसरीच कटकट. गोष्टीशी त्याचा संबंध नसतो. पण तेवढ्यात कळतं की या माणसाचं आयुष्य कसं चाललंय.

आमच्याकडे 1978 साली निरोप ठेवणारा फोन कुठला, फोनच गावात दोन. मग? पोस्टकार्ड. भागाच्या आधी पडवीत पोस्टकार्ड पडतं, बेलीफ ते वाचतो. पहिल्या कार्डात त्याच्या बहिणीने कळवलंय की छपराची कौलं परतायची आहेत, पैसे पाठव, आणि तू अजून त्या नसत्या उद्योगात आहेस का.

फीसुद्धा ठरली: दोन पायली उकडे तांदूळ, एक कापा फणस आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडं.

गाडीचा प्रश्न बाकी होता. रॉकफर्डकडे सोनेरी पॉन्टिअॅक फायरबर्ड. 'मॅग्नम' मालिकेतल्या गुप्तहेराकडे लाल फेरारी, तीही मालकाची, हा फक्त चालवतो. राजपार्टींचं म्हणणं, एक लॅम्ब्रेटा तरी पाहिजे. ओळखीत एक होती. बघून आलो. तिच्यात कोंबडी बसली होती, अंड्यांवर.

तेव्हा बायको म्हणाली, एसटी. वस्तीची गाडी.

रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपतात, पहाटे निघते. बेलीफ रात्री उतरला की त्याच्या हातात एकच रात्र. गाडी सुटायच्या आत उलगडा नाही झाला तर गुन्हेगार त्याच गाडीने तालुक्याला जाऊन कागद नोंदवणार. घड्याळ दाखवायची गरजच नाही, देवळासमोर उभी असलेली लाल गाडी दाखवली की झालं. काळ्यापांढऱ्यात ती लाल दिसणार नाही, पण कोण कोकणी माणूस तिला लाल पाहणार नाही?

मालिकेचं नाव मिळालं.

28 जुलै

गोष्ट लिहून झाली. वाडीतला मोठा भाऊ मुंबईच्या गिरणीत होता, वारला. धाकट्याच्या हातात आता एक मृत्युपत्र आहे, थोरल्याच्या मरणाआधी तीन महिन्यांच्या तारखेचं. खाली सही नाही, अंगठा. धाकटा म्हणतो, तेव्हा दादाचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता, सही कशी करणार? विधवा वहिनी गप्प. वाडी गप्प.

उलगडा मनीऑर्डरीत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली छोटं कूपन असायचं, दोन ओळी लिहायला. वहिनीने ती सगळी कूपनं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. अंगठ्याच्या तारखेनंतरच्या महिन्याचंही कूपन आहे: 'पोरास शाळेत पाठव, पाऊस कसा आहे.' त्याच वळणदार अक्षरात.

यात मला आवडतं ते हे की ही कूपनं पोस्टमनने पाहिली आहेत, खानावळवाल्या आक्काने वाचून दाखवली आहेत, शेजारणीने ऐकली आहेत. सगळ्यांना ठाऊक. बेलीफ फक्त आक्काच्या खानावळीत बसून सोलकढी पितो, सुपारी कातरतो आणि कुणालाच काही विचारत नाही. न विचारल्यामुळे शेवटी आक्कालाच राहवत नाही.

भाच्याला यात पाठलाग हवा होता. पाठलाग म्हणे! निसरड्या पाणंदीत पाठलाग केला तर दोघेही दवाखान्यात.

4 ऑगस्ट

चित्रीकरण, दिवस पहिला. खानावळीचा प्रवेश. सगळं वाया.

आक्काच्या खानावळीला पुढून पत्रा आहे. पाऊस आला आणि पत्र्यावर असा काही वाजला की राजपार्टींचे ओठ हलताना दिसतात आणि बाकी रणवाद्यं. माझी चूक. मी आधी येऊन दिवे पाहिले, सावल्या पाहिल्या, कान घरी ठेवून आलो होतो. संध्याकाळी उसनं आणलेलं एक ध्वनियंत्र ओलं झालं, ते तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

5 ऑगस्ट

प्रवेश आक्काच्या मागच्या माजघरात हलवला. वर कौलं. कौलांवर पाऊस बोलतो, ओरडत नाही. शिवाय भिंत धुराने काळी, म्हणजे अंधार आयता.

ध्वनियंत्र चालू झालं. तांदूळ आक्काने शिजवले.

11 ऑगस्ट

दिवस तिसरा, आणि आज एक गोष्ट कळली.

राजपार्टी दोन दिवस आवाज लावत होते. सवयच ती, माइक नसतानाही शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. "काकूऽऽ, हे कूपन कोणाचं?" म्हणाले की वाटायचं आता गदायुद्ध. हळू बोला म्हटलं तर हळू बोलताना छाती काढून बोलायचे. सुशे म्हणे प्वारोची चाल जमावी म्हणून दोन कुल्ल्यांच्या मधे नाणं दाबून धरून चालायचा सराव करायचा. हा उपाय मी आदरपूर्वक सुचवून पाहिला. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

शेवटी स्त्रीपार्टींनी सोडवलं. म्हणाले, "तू बाकड्यार बसान माझां आयकतस ना, राणी रडता तेव्हा, तसो बस."

दशावतारात समोरचं पात्र बोलत असताना राजा बाकड्यावर बसून ऐकतो. एक पाय पुढे, हात मांडीवर, मान किंचित कललेली. तेव्हा त्याला काही करायचं नसतं आणि हलायची परवानगी नसते. आम्ही हे शेकडो रात्री पाहिलंय आणि याला कधी अभिनय म्हटलं नाही. राजपार्टी तसे बसले. हातात अडकित्ता. झापाच्या पट्ट्या चेहऱ्यावर. आक्काने आपलं वाक्य बोलायला सुरुवात केली आणि मधेच खरोखर अडखळली, कारण समोरचा माणूस इतकं ऐकत होता.

ते अडखळणं ठेवणार आहे.

एका दमात ओके. भाचा म्हणाला, मामा, हे तर पीटर गनच्या वरचं झालं. मी त्याला पाया पडायला लावलं. स्त्रीपार्टींच्या.

19 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मासेमारीची बंदी 31 जुलैलाच संपली, पण आज नारळ सोडल्यावर बंदरावर खरी लगबग. आमची पंचाईत अशी की किनाऱ्यावर ओढून झाप घालून ठेवलेल्या होड्यांमध्ये एक प्रवेश अर्धा घेतला होता. आता होड्या पाण्यात. उरलेला अर्धा डच वखारीच्या पडक्या भिंतींबाहेर घेतला. 17व्या शतकातली इमारत, वर वडा-पिंपळाची मुळं. आत जाणं पावसात धोक्याचं, पण बाहेरूनही ती अशी दिसते की कुणी उभं राहिलं तरी संशयित वाटावं. होडीतून माणूस एकदम वखारीजवळ कसा आला, हे कुणी विचारू नये.

(बायकोने विचारलं.)

25 ऑगस्ट

संकलन. 31 मिनिटं भरली. 22 वर आणायची म्हणजे नऊ कापायची.

सगळ्यात आधी भाच्याचे ड्रोनचे देखावे गेले. 1978 साली आकाशातून पाहणारा फक्त देव आणि घार. मग माझे आवडते तीन. अर्ध्या तासाच्या जुन्या भागांत एक शिस्त आहे, ती आता हाताने काम करताना समजतेय: नायक कुठून आला, त्याचं बालपण, त्याच्या मनातली जखम, यातलं काही नाही. वेळच नाही. तो दारात उभा राहतो आणि तुम्ही त्याच्या बुटांवरून काय ते समजता. हल्ली गुप्तहेर आठ तास स्वतःचीच चौकशी करत असतो.

बेलीफने नोकरी का सोडली याचा दीड मिनिटाचा संवाद होता. चांगला लिहिला होता मी. काढला. आता तो फक्त कोर्टाच्या इमारतीवरून जाताना छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतो. तीन सेकंद.

22 मिनिटं 40 सेकंद. चालेल.

1 सप्टेंबर

तात्यांनी गुपचूप एका ठिकाणी सनई घातली होती. सापडली. काढली नाही. ती बरोबर होती.

9 सप्टेंबर

परवा गणपती आले. आज रात्री आरती आणि फुगडीनंतर मांगरासमोर चादर लावून दाखवला. चाकरमानी धरून दीडशेच्या आसपास माणसं, पोरं पुढे गोणपाटावर. पावसाने तासभर दया केली.

पोस्टकार्डाला हसले. कोंबडीवाल्या लॅम्ब्रेटाचा एक क्षण ठेवला होता, त्याला जास्त हसले. अडकित्ता पहिल्यांदा थांबला तेव्हा मागून कुणी म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "खोटा बोलता तो." म्हणजे पोचलं. कूपनं ट्रंकेतून निघाली तेव्हा बायकांच्या बाजूला शांतता झाली, आणि ती मला अपेक्षित होती त्यापेक्षा लांबली. नंतर दोघींनी मला सांगितलं की त्यांच्याकडेही अशी कूपनं आहेत. एकीने किती आहेत तेही सांगितलं.

शेवटी बेलीफ गाडीत चढतो, कंडक्टर विचारतो, किती वाजले, तो म्हणतो, "पावणेसहा." गाडी सुटते, अंधार.

दिवे लागले आणि टाळ्यांच्या आधी मागच्या रांगेतून आवाज: "पावणेसहा न्हय. सव्वापाच."

मग जे पेटलं ते भागापेक्षा लांब चाललं. अठ्ठ्याहत्तर साली वस्तीची गाडी सव्वापाचला सुटायची की पावणेसहाला. एक पक्ष शाळेच्या घंटेवरून सिद्ध करत होता, दुसरा दुधाच्या किटल्यांवरून. कुणी म्हणालं, गाडी पावसाळ्यात उशिरा सुटे, तर कुणी म्हणालं पावसाळ्यात ती वाडीत येतच नसे, वहाळापलीकडेच थांबे. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कुणीतरी जाऊन निवृत्त ड्रायव्हर आजोबांना उठवून आणलं. ते झोपेतून आले, खुर्चीत बसले, सगळं ऐकून घेतलं. कुणीतरी त्यांच्या हातात पानाचं तबक दिलं. त्यांनी सुपारी घेतली, अडकित्ता घेतला, आणि सगळी वाडी थांबली.

"साडेपाच," ते म्हणाले. "आणि गाडी वाडीत येय. वहाळापलीकडे ती सत्तरच्या आधी, साकव होवच्या आधी."

10 सप्टेंबर

करायचं: तो एक शब्द पुन्हा डब करणे. राजपार्टी उद्या सकाळी येतात, विसर्जनाच्या आधी. साकव (वहाळावरचा छोटा पूल) एका प्रवेशात दिसला पाहिजे, पाऊस थांबला की भाच्याला पाठवणे. अडकित्ता आक्काचा आहे, परत करणे. तात्यांचे 400 बाकी.